लँडिंग झाल्यावर पायलट आणि टॉवर नेमकं काय बोलत असतात, आणि विमान मध्येच का थांबतं

प्रश्न विचारणारे आपल्या कोल्हापूरचेच दिसतायत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की मुंबईहून कोल्हापूरला आलो, विमान उतरलं, रनवेच्या पार टोकाला गेलं, तिथं यू टर्न मारला आणि ज्या रनवेवर उतरलो त्याच्यावरूनच उलटं परत आलं, हे बरोबर आहे का, मागनं दुसरं विमान आलं असतं तर? आणि त्याआधी एकदा मुंबईत उतरलो तेव्हा वीस मिनिटं नुसतं फिरवत होते, दोनदा मध्येच थांबवलं, मग पायलटला रस्ता माहीत नसतो का, की टॉवरवाला मॅपसारखं लेफ्ट-राइट सांगत बसतो? शेवटी एक शेपूट जोडलंय, की भाचा पायलट व्हायचं म्हणतोय पण मराठी मीडियमचा आहे आणि रेडिओवरच्या इंग्लिशला घाबरतोय.

मी सव्वीस वर्षं विमानं चालवली, पहिली बरीच वर्षं एटीआर म्हणजे पंख्याचं लहान विमान आणि नंतर एअरबस ए ३२० हे जेट, आता रिटायर होऊन राजारामपुरीत राहतो आणि पोरांना आरटीआरच्या, म्हणजे विमानातला रेडिओ वापरायच्या लायसन्सच्या, परीक्षेसाठी रेडिओवर बोलायला शिकवतो. त्यामुळं हा विषय निघाला की माझं उत्तर लांबतंय, चहा घेऊनच बसा.

तुम्ही तीन प्रश्न विचारलेत, पण मला तिन्हीच्या पोटात एकच प्रश्न दिसतो. विमान जमिनीवर आल्यावर ते या क्षणी नेमकं कुठं उभं आहे हे कुणाला माहीत असतं? लोकांना वाटतं टॉवरवाल्याला, म्हणजे मनोऱ्यात बसून विमानांना सूचना देणाऱ्याला, सगळं दिसतंय. मोठ्या विमानतळांवर जमिनीवरचं रडार असतं, तिथं स्क्रीनवर दिसतं खरं. लहान विमानतळावर मात्र काच, दुर्बीण आणि कान एवढ्यावरच काम चालतं. रात्र असली, पाऊस लागला, धुकं उतरलं की काच गेली, दुर्बीण गेली, मग उरला फक्त कान. म्हणजे पायलट रेडिओवर जे सांगेल तेच टॉवरवाल्याचं चित्र. पायलटच चुकीचं सांगत असेल तर टॉवरवाला पण मनात चुकीचंच चित्र काढणार, आणि गोची ही की दोघांनाही आपलं बरोबरच वाटत असतं.

आता आपल्या कोल्हापूरचं बघू. उजळाईवाडीचं विमानतळ १९३९ सालचं, छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातलं, आणि आपण ते त्यांच्याच नावानं ओळखतो. रनवे एकच, त्याची दोन टोकं, एका टोकाला ०७ आणि दुसऱ्याला २५. हे आकडे म्हणजे होकायंत्राचे अंश दहानं भागलेले, ०७ वर उतरताना नाक साधारण पूर्वेकडं आणि २५ वर पश्चिमेकडं. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, त्यामुळं त्या दिवसात २५ जास्त कामाला येतो. महत्त्वाचं म्हणजे रनवेला समांतर असा टॅक्सीवे, म्हणजे विमानांना ये-जा करायचा वेगळा रस्ता, नाही. मुंबईत रनवेच्या शेजारनं दुसरा रस्ता पळतो, त्यावर सटकन बाहेर पडता येतं. इथं स्पीड कमी होईपर्यंत बाहेर पडायचा फाटा मागं राहिला असेल तर पुढं जाऊन वळायचं आणि रनवेवरूनच मागं यायचं, दुसरा रस्ताच नाही. याला बॅकट्रॅक म्हणतात. वळायला रुंद जागा बहुतेक ठिकाणी टोकालाच केलेली असते म्हणून पार टोकापर्यंत जाणं होतं. एटीआर कमी जागेत वळतं, जेटला जास्त लागते, त्यामुळं कुठं वळायचं हे विमानावर आणि त्या दिवशीच्या परिस्थितीवर ठरतं, एकच नियम सांगता येत नाही.

तर तुमच्या विमानात तेव्हा साधारण असं बोलणं झालं असणार. कुठल्या कंपनीचं नाव नको म्हणून आपल्या विमानाचा कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं नाव, 'रंकाळा सेव्हन टू थ्री' धरू आणि फाट्याचं नाव उदाहरणापुरतं अल्फा.

"रंकाळा सेव्हन टू थ्री, बॅकट्रॅक रनवे टू फाइव्ह, व्हेकेट व्हाया अल्फा, रिपोर्ट रनवे व्हेकेटेड."

"बॅकट्रॅक रनवे टू फाइव्ह, व्हेकेट व्हाया अल्फा, विल रिपोर्ट व्हेकेटेड, रंकाळा सेव्हन टू थ्री."

झालं. म्हणजे रनवे २५ वरूनच मागं या, अल्फा फाट्यानं बाहेर पडा आणि रनवे सोडला की सांगा. पहिलं वाक्य टॉवरचं, दुसरं पायलटचं, आणि दुसऱ्यात नवीन काहीच नाही. माझ्याकडं येणारं प्रत्येक पोरगं पहिल्या दिवशी हेच विचारतंय, की सर, तेच परत कशाला म्हणायचं, 'रॉजर' म्हटलं की झालं की. नाही होत. रॉजर म्हणजे फक्त तुमचं ऐकलं, एवढंच. आपण फोनवर समोरचा बोलत असताना हं... हं... करतो ना, ते रॉजर. आई फोनवर दहा मिनिटं सांगते, आपण हं हं करतो, आणि ठेवल्यावर बायको विचारते काय म्हणाल्या, तर सांगता येत नाही! जमिनीवर फिरताना रनवेशी संबंध असलेली कुठलीही सूचना, रनवेवर यायची, ओलांडायची, अलीकडं थांबायची किंवा बॅकट्रॅक करायची, ती शब्दाला शब्द परत म्हणायचीच, हा आंतरराष्ट्रीय नियम आहे. आणि त्याची दुसरी बाजू लोक विसरतात, पायलटनं परत म्हटलेलं टॉवरवाल्यानं कान देऊन ऐकायचं आणि चुकलं तर तिथल्या तिथं दुरुस्त करायचं, हे पण नियमातच आहे. तो त्या वेळी दुसऱ्या फोनवर असला आणि चुकीचं वाक्य तसंच निसटलं तर रीडबॅक, म्हणजे हे परत म्हणणं, करून न केल्यासारखंच.

मागनं दुसरं विमान आलं असतं तर, या तुमच्या भीतीचं उत्तर त्या शेवटच्या 'रनवे व्हेकेटेड' मध्ये आहे. ते शब्द ऐकू येईपर्यंत किंवा रनवे मोकळा झालेला स्वतःच्या डोळ्यांनी दिसेपर्यंत टॉवर मागच्याला उतरायची परवानगी देत नाही, तो वर फिरत बसतो. आणि अगदी जवळ आला असेल तर त्याला गो अराउंड सांगतात, म्हणजे न उतरता परत वर जा.

पण हे 'व्हेकेटेड' कधी म्हणायचं? इथं नवीन पायलट हमखास घाई करतात. टॅक्सीवेवर रनवेच्या अलीकडं चार पिवळ्या रेघा मारलेल्या असतात, दोन सलग आणि दोन तुटक. तुटक बाजू रनवेकडं, सलग बाजू टॅक्सीवेकडं. सलग रेघ समोर दिसली तर परवानगीशिवाय ओलांडायची नाही, तुटक समोर असली म्हणजे तुम्ही रनवेवरून बाहेर येताय, ओलांडून पलीकडं जा. आता आम्ही बसतो विमानाच्या अगदी नाकात. मी रेघ ओलांडली म्हणजे विमानानं ओलांडली असं नाही, एटीआर ७२ ची लांबी २७ मीटर, ए ३२० ची साडेसदतीस मीटर, ते सगळं अजून माझ्या मागं रेघेच्या पलीकडंच असतंय. दहा नॉटनं चाललो तर सेकंदाला साधारण पाच मीटर, म्हणजे रेघ गेल्यावर एटीआरमध्ये सहा आणि ए ३२० मध्ये आठ सेकंद तोंड बंद ठेवायचं, शेपूट बाहेर आलं की मग बोलायचं. मी खरंच मनात आकडे मोजायचो. एसटी फाट्यावर वळवताना ड्रायव्हर जसा मागच्या चाकाचा विचार करतो तसंच आहे हे.

याच सगळ्यात केबिनमध्ये पट्ट्यांचा खटखट आवाज सुरू होतो, मोबाइल चालू होतात, कुणीतरी उठून वरचा कप्पा उघडायला बघतं. प्रवाशांच्या हिशोबानं गाव आलं. आमच्या हिशोबानं तेव्हा कॉकपिटमध्ये गर्दीचा टाइम असतोय. एटीआरमध्ये पुढचं चाक वळवायचा टिलर फक्त डावीकडं, कॅप्टनच्या बाजूला असतो, त्यामुळं लँडिंग फर्स्ट ऑफिसरनं, म्हणजे शेजारच्या सहवैमानिकानं, केलं असलं तरी स्पीड सत्तर नॉटच्या आसपास आला की कंट्रोल कॅप्टनकडं येतो. म्हणजे विमान जोरात पळत असतानाच चालवणारा बदलतो आणि रेडिओ पण त्याबरोबर हात बदलतो. म्हणूनच विमान रनवेवर धावत असताना गरज नसेल तर टॉवरनं बोलू नये असा संकेत आहे. आणि फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या झडपा, वर घेणं, लाइट बंद करणं ही उतरल्यानंतरची कामं रनवेच्या बाहेर पडल्यावरच करायची, तोपर्यंत दोघांची नजर बाहेर.

बॅकट्रॅकचा विषय काढलाच आहे तर टेनेरिफचं सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. २७ मार्च १९७७. स्पेनच्या कॅनरी बेटांवरचं लॉस रोडिओस विमानतळ. शेजारच्या बेटावरच्या विमानतळावर बॉम्ब फुटला म्हणून तिकडची विमानं इकडं वळवलेली, लहान विमानतळ गच्च भरला, टॅक्सीवेवर पण विमानं उभी. त्यामुळं केएलएम आणि पॅन ॲम या दोन कंपन्यांची ७४७ जातीची दोन मोठी विमानं एकाच रनवेवर एकामागोमाग बॅकट्रॅक करत निघाली. वर धुकं आलं, टॉवरला विमानं दिसेनात, विमानांना एकमेकं दिसेनात. पॅन ॲमला तिसऱ्या फाट्यानं बाहेर पडायला सांगितलं होतं, पण तो फाटा सापडेना. केएलएमनं टोकाला जाऊन वळून टेकऑफ सुरू केला. टॉवरनं थांबा म्हणून सांगितलं आणि पॅन ॲमनं आम्ही अजून रनवेवरच आहोत असं सांगितलं, पण दोघं एकाच वेळी बोलले आणि केएलएमच्या कॉकपिटमध्ये ऐकू आली ती फक्त एक शिट्टी. ५८३ माणसं गेली.

ती शिट्टी का वाजते तेही सांगतो, कारण पोरांना ते फार आवडतं. आमचा रेडिओ १९७७ मध्ये एएम होता आणि आजही एएमच आहे, ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात. गाण्यांचे स्टेशन एफएमवर गेले, आम्ही जुन्यावरच. याला कारण आहे. एफएमवर दोघं एकदम बोलले तर जो जोरात येतो तो दुसऱ्याला पूर्ण खाऊन टाकतो, दुसरा बोलला हे ऐकणाऱ्याला कळतच नाही. एएमवर दोघं आदळतात आणि कर्कश्श आवाज येतो, शब्द कळत नाहीत पण कुणीतरी दोघं बोललेत एवढं तरी कळतं. त्यामुळं असा आवाज आला की गप्प बसायचं नाही, कुणीही असो, परत विचारायचं. त्या दिवशी तेच झालं नाही. त्या अपघातानंतर 'टेकऑफ' हा शब्द फक्त प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा असं ठरलं, बाकी वेळी 'डिपार्चर' म्हणायचं. आजही मी क्लासमध्ये पोरगं सहज 'रेडी फॉर टेकऑफ' म्हणालं की टेबलावर थाप मारतो.

आता मुंबई. तिथं दोन रनवे आहेत, ०९/२७ आणि १४/३२, पण ते एकमेकांना छेदतात, त्यामुळं काम बहुतेक एकावरच चालतं आणि दिवसाला नऊशेच्या वर विमानं चढ-उतार करतात. मागचं विमान तुमच्या मागं जेमतेम दीड-दोन मिनिटांवर असतं. म्हणून उतरल्या उतरल्या बाहेर पडायची घाई, त्यासाठी तिरके फाटे केलेत, साधारण तीस अंशाचे, त्यावर बऱ्यापैकी वेगात वळता येतं. काटकोनातला फाटा असला तर वेग पार दहा-पंधरा नॉटवर आणावा लागतो. बाहेर पडलात की टॉवर तुम्हाला ग्राउंडकडं सोपवतो, म्हणजे माणूस पण वेगळा आणि फ्रिक्वेन्सी पण वेगळी. कोल्हापूरसारख्या ठिकाणी बहुतेक एकच माणूस दोन्ही बघतो. ग्राउंडवाला मग रस्ता सांगतो, अमुक टॅक्सीवे, मग तमुक, अमक्याच्या अलीकडं थांबा, स्टँड म्हणजे विमान उभं करायची जागा, तिचा नंबर हा.

पायलटला रस्ता माहीत असतो का, तर हो, नकाशा समोर असतो, आता बहुतेकांच्या टॅबवर असतो, आणि जिथं लोक हमखास चुकतात त्या जागा त्यावर हॉट स्पॉट म्हणून गोल करून दाखवलेल्या असतात. पण कुठल्या रस्त्यानं जायचं हे ठरवायचा अधिकार त्याचा नाही, कारण कुठलं विमान कुठनं निघालंय हे एकट्या ग्राउंडवाल्याला माहीत. आपल्याकडं महाद्वार रोडला सणाच्या दिवसात रस्ता माहीत असून पण पोलीस सांगेल तिकडनंच जावं लागतं, तसं समजा. फरक एवढाच की पोलीस तुम्हाला बघून सांगतो आणि इथं न बघता सांगितलेलं पण असू शकतं. बाजूला पाट्या असतात, त्या पोरांना मी अशा पाठ करायला लावतो: काळ्यावर पिवळं अक्षर म्हणजे तू इथं आहेस, पिवळ्यावर काळं म्हणजे हा रस्ता तिकडं जातोय, लालवर पांढरं म्हणजे पुढं रनवे आहे, थांब.

मध्येच का थांबवलं, याची कारणं साधी असतात. तुमच्या स्टँडवर आधीचं विमान अजून उभं आहे, शेजारचं विमान पुशबॅक करून मागं येतंय, किंवा वाटेत रनवे ओलांडायचा आहे आणि त्यावर कुणीतरी उतरतंय. कधी स्टँडपाशी हातवारे करून आत घेणारा माणूसच आलेला नसतो. यातलं कुठलं होतं ते तुमच्या दिवशीच्या परिस्थितीवर, मला इथनं सांगता येणार नाही.

मात्र त्या थांबण्यातलं एक थांबणं वेगळं असतं, होल्ड शॉर्ट, म्हणजे रनवेच्या अलीकडं थांब. त्यावर माझी स्वतःची एक चूक सांगतो, विमानतळाचं नाव सांगत नाही. रात्री साडेअकराची वेळ, जुलैचा पाऊस, वायपर फुल स्पीडवर. दिवसातलं चौथं लँडिंग होतं. उतरून बाहेर पडलो, स्टँडला जायला वाटेत दुसरा एक रनवे ओलांडावा लागायचा. त्या वेळेला तो रनवे रोज रिकामा असायचा आणि आम्हाला रोज 'क्रॉस' म्हणूनच सांगायचे. त्या दिवशी ग्राउंडनं 'होल्ड शॉर्ट' म्हटलं. फर्स्ट ऑफिसरनं ते बरोबर परत म्हटलं, शब्दाला शब्द. मी पण ते ऐकलं. आणि तरी माझ्या डोक्यात 'क्रॉस' असंच उमटलं, कारण रोज तेच ऐकायची सवय. माझा पाय ब्रेकवर नव्हता. शेजारनं पोरगं, कॅप्टन व्हायला अजून दोन वर्षं होती त्याला, मोठ्यानं म्हणालं, "सर, होल्ड शॉर्ट." एवढंच. मी ब्रेक दाबला, विमान दचकून थांबलं, मागं केबिनमध्ये काहीतरी पडल्याचा आवाज आला. पिवळ्या रेघा नाकाच्या अगदी खाली आल्या होत्या. पंधरा-वीस सेकंदांनी उजवीकडनं दोन पांढरे दिवे मोठे होत आले आणि एक विमान समोरनं टेकऑफ घेऊन गेलं. स्टँडला लागेपर्यंत आम्ही दोघं एक शब्द बोललो नाही. इंजिन बंद केल्यावर मी त्याला थँक्यू म्हटलं आणि रात्रीच रिपोर्ट लिहून पाठवला.

यात रेडिओवरचं बोलणं शंभर टक्के बरोबर होतं हे लक्षात घ्या. टेप ऐकली असती तर एकही चूक सापडली नसती. चूक होती माझ्या दोन कानांच्या मध्ये. त्यानंतर मी दोन सवयी लावून घेतल्या. एक, ग्राउंडनं सांगितलेलं सगळं पेन्सिलनं कागदावर लिहायचं, कितीही ओळखीचं विमानतळ असू दे. दुसरी, होल्ड शॉर्ट ऐकलं की रीडबॅक झाल्यावर कॉकपिटमध्ये मी स्वतः परत एकदा मोठ्यानं म्हणायचं, अमुक रनवेच्या अलीकडं थांबतोय, आणि शेजारच्यानं हो म्हटल्याशिवाय पुढचं काही बोलायचं नाही. पोरं सुरुवातीला हसायची. हसू देत.

आणि रस्ता चुकलाच तर? चुकतात, चांगले चांगले चुकतात. ६ डिसेंबर १९९९ ला अमेरिकेत प्रॉव्हिडन्सला युनायटेडचं एक ७५७ विमान रात्री धुक्यात उतरलं. टर्मिनलला जाताना एक वळण चुकलं आणि फिरून ते ज्या रनवेवर उतरलं होतं त्यावरच परत आलं. क्रूला कळलं की आपण कुठंतरी भलतीकडं आहोत, त्यांनी रेडिओवर तसं सांगितलं पण. टॉवरला बाहेर काही दिसत नव्हतं, जमिनीवरचं रडार नव्हतं, आणि टॉवरमधल्या बाईंच्या डोक्यात हे विमान दुसरीकडंच होतं. त्यांनी फेडेक्सच्या एका विमानाला टेकऑफ दिला, ते त्या ७५७ च्या जवळनं वर निघून गेलं. नशीब. मग पुढच्या विमानाला, यूएस एअरवेजच्या, टेकऑफ दिला, तर त्यांनी सरळ नाही म्हणून सांगितलं, ते युनायटेडचं विमान नक्की कुठं आहे हे कळेपर्यंत आम्ही रनवेवर येणार नाही. टॉवरनं रनवे मोकळा आहे असं सांगितलं तरी हलले नाहीत. युनायटेडचं विमान गेटला पोचल्यावरच निघाले. कुणाला खरचटलंसुद्धा नाही म्हणून ही गोष्ट फार कुणाला माहीत नसते, पण मला टेनेरिफपेक्षा ही जास्त उपयोगाची वाटते. तिसऱ्या विमानातल्या लोकांना कुणी काही विचारलं नव्हतं, ते नुसते रांगेत उभं राहून दुसऱ्यांचं बोलणं ऐकत होते.

म्हणजे हरवल्यासारखं वाटलं की काय करायचं, तर थांबायचं आणि सांगायचं. अंदाजानं पुढच्या वळणापर्यंत जाऊन बघू, हे नाही. पत्ता सापडत नसेल तर आपण कावळा नाक्याला गाडी बाजूला घेऊन रिक्षावाल्याला विचारतो, तिथं लाज वाटत नाही. कॉकपिटमध्ये मात्र वाटते, कारण फ्रिक्वेन्सीवर अजून दहा विमानं ऐकत असतात. फक्त एक अपवाद, रनवेवर आहोत अशी शंका जरी आली तर थांबायचं नाही, लगेच सांगायचं आणि मिळेल त्या फाट्यानं बाहेर पडायचं.

भाच्याचं आता. इंग्लिशची भीती बरोबर आहे पण ती चुकीच्या जागी आहे. आंतरराष्ट्रीय उड्डाणाला भाषेच्या सहा पायऱ्या असतात, त्यातली चौथी लागते, आणि ती काही कवितेची परीक्षा नसते. रोजच्या रेडिओला लागणारे शब्द मोजकेच आणि ठरलेले आहेत. माझा अनुभव उलटा आहे, फर्डं इंग्लिश बोलणारी पोरं जास्त पाल्हाळ लावतात, प्लीज, ओके, वी आर जस्ट कमिंग, असलं काहीबाही. मराठी मीडियमचं पोरगं जसं पाठ करायला सांगितलं तसं म्हणतं. त्याचा त्रास वेगळा असतो, समोरच्याचं कळलं नाही तर परत विचारायला लाजतं आणि अंदाजानं उत्तर देऊन मोकळं होतं. ते मोडायला वेळ लागतो. हो म्हणायला 'अफर्म', नाही म्हणायला 'निगेटिव्ह', नऊला 'नाइनर', पाचला 'फाइफ', हे आठवड्यात जमतं. नमस्कार मात्र चालतो, आपल्याकडं फ्रिक्वेन्सीवर सर्रास नमस्कार करतात, मी पण सव्वीस वर्षं केला.

मी रविवारी सकाळी काय करतो, तर आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये खडूनं रनवे आणि टॅक्सीवे काढतो, पिवळ्या रेघा पण, तुटक आणि सलग बरोबर बघून. एक पोरगं तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत पाठ करून बसतं, म्हणजे त्याला खालचं दिसत नाही, ते ग्राउंड. खाली दोघं विमान होऊन चालतात, एक चालवणारा, एक रेडिओवाला, फोन स्पीकरवर. मी मुद्दाम मध्येच स्कूटर आडवी लावतो. गेल्या रविवारी वरच्या पोरानं घाईत जो टॅक्सीवे काढलाच नव्हता त्याचं नाव सांगितलं. गडहिंग्लजचं एक पोरगं रेडिओवर होतं, महिनाभर त्याच्या तोंडून आवाज फुटत नव्हता. ते जागच्या जागी थांबलं, चालवणाऱ्याच्या छातीवर हात आडवा लावला आणि म्हणालं, "से अगेन." भाच्याला घरी हेच करायला लावा, खडू पाच रुपयाला मिळतो.